वाघमारे मॅडमची गैरहजर नस

आमच्या कचेरीत माणसाची पत त्याच्या खुर्चीवरून कळायची. साहेबांच्या खुर्चीवर उशी होती आणि पाठीला पांढरा टॉवेलही होता. हेडक्लार्कच्या खुर्चीवर नुसतीच उशी. बाकीच्यांच्या खुर्च्यांना निदान हात होते. मी आवक-जावकचा कारकून. माझ्या खुर्चीचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली मी जुन्या परिपत्रकांची घडी सारून ठेवली होती. एकतीस वर्षांच्या नोकरीत परिपत्रकांचा मला मिळालेला आधार तेवढाच. अशा कचेरीत एक बाई आली आणि म्हणाली, मला बसवू नका. मग जे झालं ते सांगण्यासारखं आहे.

तिचं नाव प्रज्ञा वाघमारे. भूकरमापक, म्हणजे शेतं मोजून कुणाची हद्द कुठं संपते ते दाखवणारी. आली तेव्हा सव्वीस वर्षांची असेल. गाव सास्तूर, वडील शाळेत शिपाई होते. सकाळी दारातूनच "जयभीम काका" म्हणायची आणि मी मान वर करेपर्यंत नकाशांची गुंडाळी काखेत मारून बाहेर पडलेली असायची.

तिला सगळं मोजायची खोड होती. एस. टी. स्टँडपासून कचेरी चारशे बारा पावलं, चहावाल्याला चुकवून मागनं आलं तर तीनशे नव्वद. एकदा मी विचारलं, हे वेड कुठून लागलं?

"गावाकडनंच," ती म्हणाली. "आमचं गाव भूकंपानंतर फूटपट्टीनं आखलंय काका. सगळ्या गल्ल्या सरळ, सगळी घरं सारखी. म्हातारी माणसं अजून दुसऱ्याच्या घरात शिरतात आन् चहा मागतात. चहा मिळतो बी. मिळाल्यावर कळतं, साखर आपल्या घरच्यासारखी न्हाय."

शेताच्या बांधावर तिची जीभ जास्त चालायची. बाबुराव तात्या नावाचे एक शेतकरी होते. मोजणीत त्यांच्या ताब्यातली दोन गुंठ्यांची पट्टी धाकट्या भावाकडं गेली. तात्यांनी धोतराचा सोगा आवरत जमिनीवर बसकण मारली. "माझ्या बापानं हितं पेरलंय पोरी. तू कालची."

"तात्या, बापानं पेरलं ती वहिवाट. कागदावर हाय ती हद्द. दोन्ही खरंच हाय. पण दगड एकाच ठिकाणी बसतो ना?"

तात्यांनी दगड बसू दिला. जाताना मात्र तिला म्हणाले, "तुला नवरा मिळाला तर त्याला बी असंच मोजशील."

पुढं वरून हुकूम आला. मोजणीचं नवं यंत्र आलं आहे, प्रत्येक कचेरीतून एकानं पुण्याला प्रशिक्षणाला जावं. आमच्याकडून ती गेली. यंत्र हातात घेऊन रानात चालायचं असतं. हे चालणं आठ दिवस सकाळी नऊ ते संध्याकाळी सहापर्यंत खुर्चीत बसवून शिकवण्यात आलं. नवव्या दिवशी ती भरल्या गाडीत कोंबून बसून परत आली. दहाव्या दिवशी कचेरीची पायरी चढताना मी पाहिलं, तिचा डावा पाय सुजला होता. मांडीपासून घोट्यापर्यंत. रंग जांभळाच्या सालीसारखा.

आमच्या कचेरीत मोजणीचं प्रकरण निकाली निघायला वर्ष लागायचं. वाघमारे मॅडमच्या पायाचं निदान मात्र अर्ध्या तासात सात जणांनी केलं. हेडक्लार्क म्हणाले, वात आहे. ड्रायव्हर म्हणाला, नस दबली. साहेबांनी केबिनमधून बाहेर येण्याचे कष्ट घेतले आणि चपला बदलायला सांगितल्या. शिपायानं मला कोपऱ्यात घेऊन कानात सांगितलं की ही करणी आहे, आणि ती बाबुराव तात्यांचीच आहे.

गोष्ट दोन दिवसांत तात्यांपर्यंत पोचली. ते तरातरा कचेरीत आले आणि शिपायासमोर उभे राहिले.

"म्या करणी केली असती तर मोजणीच्या आदी केली असती की रे! आता पाय सुजवून माझी जमीन वापस येतीय व्हय?"

त्या आठवड्यात आमच्या कचेरीत बोललं गेलेलं हे एकमेव शहाणपणाचं वाक्य.

मॅडमच्या आईनं तिला मालिशवाल्याकडं नेलं. त्यानं दोन संध्याकाळी गरम तेलानं पाय रगडला आणि एकवीस दिवस हलायचं नाही म्हणून बजावलं. तिसऱ्या दिवशी ती न हलता थेट कचेरीत आली. धाप लागली होती. टेबलाला टेकून तिनं पिशवीतून मोजायची फीत काढली आणि सगळ्यांच्या देखत आपल्या दोन्ही पोटऱ्या मोजल्या.

"डावी उजवीपेक्षा सहा सेंटीमीटर जास्त," ती म्हणाली. "काका, एवढं अतिक्रमण चपलेनं होत न्हाय. मला सोलापूरला नेता का?"

मी नेलं. तिचे वडील, अण्णा, वाटेत गाडीत चढले. बिचारे पूर्णवेळ तिची चप्पल हातात धरून बसले होते.

सोलापुरातला डॉक्टर तरुण होता. त्यानं आधी पायाची सोनोग्राफी केली आणि तोंडावरचा रंग बदलू न देता तिला लगेच झोपवलं, इंजेक्शन सुरू केलं. पायातल्या मोठ्या नसेत रक्ताची गुठळी झाली होती. एक तुकडा सुटून फुफ्फुसात गेला होता, म्हणून धाप. "चोळलं का कुणी?" त्यानं विचारलं. अण्णांनी मान खाली घातली. "आणखी एकदा चोळलं असतं तर," डॉक्टर म्हणाला आणि पुढचं बोललाच नाही. ते न बोललेलं आम्हा दोघांनाही नीट ऐकू आलं.

एवढ्या कमी वयात गुठळी का झाली, म्हणून त्यानं पोटाचा स्कॅन केला. दुसऱ्या दिवशी फिल्म उजेडाला धरून तो आम्हाला समजावू लागला. पायांकडून वर हृदयाकडं रक्त नेणारी पोटातली जी सगळ्यात मोठी नस असते, ती हिला नाहीच. कापली गेली नाही, सुकली नाही. जन्मापासूनच तयार झालेली नाही.

मग पलंगावरून आवाज आला.

"मग एवढी वर्षं रक्त गेलं कुठनं?"

"पाठीतल्या बारीक बारीक नसांमधून. शरीरानं आडवाटा काढल्या. एरवी चालून जातं. पण फार वेळ बसलं, पाणी कमी प्यालं, की त्या वाटा तुंबतात."

"म्हणजे नकाशावर गाडीरस्ता न्हाय, पण वहिवाट हाय."

डॉक्टर माझ्याकडं पाहू लागला. मी म्हटलं, बरोबर आहे साहेब, समजलंय तिला. अण्णा हळूच म्हणाले, "डॉक्टर, हिच्या जन्माच्या वेळी आमी काय चुकलो का?" डॉक्टर म्हणाला, कुणी चुकलं नाही, काही जणांत हे असंच घडतं. अण्णांनी दोन-तीन वेळा मान हलवली. तरी त्यांचा विश्वास बसला असं मला वाटलं नाही. बापाचा अशा गोष्टीवर विश्वास बसत नसतो.

पंधरा दिवसांनी ती कामावर आली. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या, त्याही बहुधा कायमच्या. पायात मांडीपर्यंतचा घट्ट मोजा. वेळोवेळी रक्ताची तपासणी. पाणी भरपूर, लागणं-कापणं टाळायचं, आणि मुख्य म्हणजे एका जागी बसायचं नाही. चालत राहायचं.

साहेब मनानं चांगले होते. तिथंच घोळ झाला. त्यांनी आदल्याच दिवशी आदेश काढला होता: कु. वाघमारे यांच्या प्रकृतीचा मानवतावादी दृष्टिकोनातून विचार करता त्यांना मोजणीच्या कामातून मुक्त करून अभिलेख कक्षात बैठे काम देण्यात येत आहे. नुसता आदेश काढून ते थांबले नाहीत. स्वतःच्या खुर्चीवरची उशी त्यांनी तिच्या खुर्चीवर ठेवायला लावली. आमच्या कचेरीच्या इतिहासात इतका मोठा त्याग कुणी केला नव्हता.

"साहेब, बसणं हाच माझा रोग हाय," ती म्हणाली.

"संकोच करू नका हो. बसा तुम्ही."

तिनं लेखी अर्ज केला. अर्ज माझ्याकडं आला, मी नोंदवला, हेडक्लार्ककडं गेला. हेडक्लार्कनं सगळ्या फायली उलथून शेरा लिहिला: उभे राहता येत नसलेल्या कर्मचाऱ्यांबाबत परिपत्रक आहे, बसता येत नसलेल्यांबाबत परिपत्रक आढळत नाही, सबब वैद्यकीय दाखला मागवावा. दाखला आला. त्यात लिहिलं होतं, "तपासणीत सदर नस आढळून आली नाही." त्यावर साहेबांनी लाल शाईनं विचारलं: आढळून आली नाही, म्हणजे शोध पूर्ण झाला आहे काय? भविष्यात आढळण्याची शक्यता आहे काय? खुलासा घ्यावा.

खुलासा तिनं उभ्यानंच लिहिला. त्याची आवक नोंद मी स्वतः केली, म्हणून शब्दन् शब्द पाठ आहे. "सदर नस जन्मापासून विनापरवाना गैरहजर असून तिचा ठावठिकाणा उपलब्ध नाही. तिच्याशी पत्रव्यवहार करणे शक्य नसल्याने मजकडूनच चालण्याचे काम करून घ्यावे, ही विनंती."

या पत्रव्यवहारात तीन आठवडे गेले. ती अभिलेख कक्षात मोबाइलवर गजर लावायची आणि अर्ध्या अर्ध्या तासाला कपाटांभोवती फेऱ्या मारायची. हेडक्लार्कला वाटायचं, ती फायली चोरते आहे. पाय पुन्हा जड होऊ लागला. दुपारी ती मोजा सारखा करायला भिंतीला टेकायची तेव्हा चेहरा पांढरा पडलेला असायचा. तिचं हसणं मी फक्त त्या तीन आठवड्यांत बंद पडलेलं पाहिलं. एकदा मला म्हणाली, "काका, मला करणीची भीती न्हाय वाटली. ह्या उशीची वाटती."

शेवटी सुटका झाली, पण ती नस साहेबांना पटली म्हणून नव्हे. जिल्ह्याला आढावा बैठक लागली, आमच्या कचेरीत मोजणीची प्रकरणं साठली होती आणि नवं यंत्र चालवता येणारी ती एकटीच होती. मानवतावादी दृष्टिकोन एका दुपारीत मागं घेण्यात आला. उशी परत गेली.

रानातल्या लोकांना तिचा आजार आमच्यापेक्षा लवकर समजला. एका गावात मोजणी चालू असताना चुलतभावांची जुंपली. एकानं दगड उचलला. एवढ्यात दुसराच ओरडला, "आरं टाक खाली! मॅडमचं रगत पातळ हाय. लागलं तर थांबत न्हाय म्हणं!" दगड खाली पडला. पुढं पंचक्रोशीत हीच रीत झाली. मॅडम आहेत तोवर शिव्या द्यायच्या, दगड नाही. बंदोबस्ताला पोलीस मागवून जे झालं नसतं ते एका नसलेल्या नसेनं केलं.

घरी मात्र वेगळी मोजणी चालू होती. तिच्या लग्नाचं पाहत होते. आईनं बजावलं होतं, पहिल्याच भेटीत नसेचं काढायचं नाही. पहिल्या स्थळाची माणसं पोह्यांना हात लावतात न लावतात तोच ही म्हणाली, "मला एक नस न्हाय, तेवढं सांगून ठेवते."

मुलाच्या मामांनी विचारलं, "कोणत्या हाताची?"

दुसऱ्या स्थळानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि चार दिवसांनी निरोप पाठवला की आमच्या घराला जिना आहे. तिसरा जळकोटचा, शाळामास्तर, सिद्धार्थ नाव. त्यालाही तिनं सगळं सांगितलं: गोळ्या कायम, मूल होऊ शकतं पण रोज इंजेक्शनं घेऊन, जपून. अण्णा म्हणाले, तो बराच वेळ पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढत होता. मग त्यानं विचारलं, "तुम्ही सकाळी चालायला किती वाजता जाता?"

लग्न ठरलं. विहारात बुद्धवंदना झाल्यावर भटजी-बँड काहीच नसल्यानं कार्यक्रम लवकर आटोपला, आणि फोटोसाठी मांडलेल्या सिंहासनापुढं नवरानवरी दोघंही तासभर उभी राहिली. फोटोग्राफर वैतागून गेला.

आता मला माझ्या स्वतःच्या घरातली गोष्ट सांगायची आहे. ती सांगताना मला काही फार बरं वाटत नाही.

माझी मुलगी वर्षा बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगा झाला. आठव्या-नवव्या दिवशी तिचा डावा पाय दुखायला लागला, थोडा सुजला. आमच्या घरातल्या, म्हणजे वर्षाची आई, म्हणाल्या, अंगावरचा वारा आहे. तेलवाली बाई रोज येतच होती, तिला पाय जरा जास्त दाबायला सांगितलं. शेगडी जवळ सरकवली. मी ओसरीवर पेपर वाचत होतो. सोलापूरच्या त्या डॉक्टरचं अर्धवट राहिलेलं वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. वर्षभर कचेरीत येईल-जाईल त्याला त्या नसेची गोष्ट रंगवून सांगत होतो. आणि आतून माझ्या पोरीचं कण्हणं येत होतं तेव्हा मी पेपरचं पान उलटलं. बाळंतिणीची खोली, तिथं पुरुषाचं काय काम, असं मनाशी म्हणालो. खरं सांगायचं तर मला काही सुचलंच नाही. गोष्ट दुसऱ्याची असली की ती आपल्याला पाठ असते, एवढंच.

मॅडम बाळाला झबलं घेऊन आल्या. आत गेल्या आणि मिनिटभरात त्यांचा आवाज चढला.

"हात काढा आधी! काढा म्हणते ना!"

तेलवाली म्हणाली, "मी तीस वर्षं बाळंतिणी धुती. तू कोण गं?"

"मी मोजणीवाली. काकू, ही फीत धरा. गुडघ्याखाली चार बोटं सोडून गुंडाळा. आता दुसऱ्या पायाला, तिथंच."

आमच्या घरातल्यांनी मोजलं. मग वर्षाची आई दारात आल्या, फितीवर बोट तसंच दाबून धरलेलं. "अहो, चार सेंटीमीटरचा फरक हाय," त्या म्हणाल्या.

गाडी मॅडमनीच बोलावली. वाटेत वर्षाला पाणी पाजलं, पाय हलू दिला नाही, बाळ आजीच्या मांडीवर. गुठळी निघाली. वर सरकायच्या आत सापडली. तिच्या नसा सगळ्या जागच्या जागी होत्या. बाळंतपणानंतर हे कुणालाही होऊ शकतं, असं डॉक्टर म्हणाले. सहा महिने गोळ्या घेतल्या आणि पोरगी खडखडीत बरी झाली.

दवाखान्याच्या पायरीवर मी मॅडमना म्हटलं, "मला ठाऊक होतं. तरी मी बसून राह्यलो."

मला वाटलं होतं, ती म्हणेल असू द्या काका. ती तसं म्हणाली नाही. माझ्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाली, "व्हय. बसून राह्यलात." आणि माझ्यासाठी चहा आणायला गेली.

पुढं तिची बदली झाली, मी निवृत्त झालो. निरोपाच्या दिवशी कचेरीनं मला एक नवी खुर्ची भेट दिली. चारी पाय सारखे. मला तिच्यात झोप लागत नाही.

परवा डोळे तपासायला सोलापूरला गेलो होतो. डोळ्यांत औषध घालून मला बाहेर काढलं. सगळं धुरकट. त्याच मजल्यावर पलीकडं बाळंतिणींच्या खोल्या होत्या. तिकडून कुणीतरी झपझप चालत येत होतं आणि मागून एक म्हातारा आवाज त्रासून ओरडत होता, "अगं कालची बाळंतीण तू! पड की जरा!"

"आई, डॉक्टरांनीच चाल म्हणलंय," पुढचा आवाज म्हणाला, आणि माझ्यासमोर येऊन थांबला. "जयभीम काका! डोळ्यांचं काय केलंत?"

दंडाला इंजेक्शनची पट्टी, पायात तोच लांब मोजा, आणि हातात कपड्यात गुंडाळलेली पोरगी. नऊ महिने रोज पोटावर इंजेक्शन टोचून घेतलं म्हणाली, आता तिथं जिल्ह्याचा नकाशा उमटलाय. मास्तर खाली औषधं आणायला गेले होते. मला एक प्रश्न विचारायचा होता आणि विचारवत नव्हता. तिनंच ओळखलं.

"हिच्या सगळ्या हायत," ती म्हणाली. "सोनोग्राफी करून एक-एक मोजून घेतली. मोठी बी हाय. चांगली रुंद, सरळ. सास्तूरच्या गल्लीसारखी."

तिचे डोळे भरले होते की माझ्याच डोळ्यांतलं औषध होतं, सांगता येत नाही.

"धरा जरा हिला," म्हणत तिनं पोरगी माझ्या हातात दिली. "एक फेरी मारून येते."

मी पोरीला धरून भिंतीकडेला उभा राहिलो. नर्स तिच्यावर ओरडली, आई ओरडली, ती थांबली नाही. त्या धुरकटात दहा पावलांवर ती मला दिसेनाशी झाली. पावलांचा आवाज मात्र स्वच्छ येत होता, आधी लांब जाणारा, आणि थोड्या वेळानं परत येणारा.